मळतानाचा हात

रत्नागिरीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, दर रविवारी रिमोटच्या गाड्या पळायच्या, आणि त्या पळवायला चांगली थोराड माणसं पोरांना बाजूला सारून पुढे यायची. हे सारं हातरबरामुळे. डॉ. यास्मिन काझींनी प्रयोगशाळेत त्याला भलंमोठं शास्त्रीय नाव दिलं होतं, पण ते लक्षात कोण ठेवणार! कोमट पाण्यात धरलं की हे रबर कणकेसारखं मऊ व्हायचं. मळताना कुठलं बोट किती जोर लावतं, कुठं सैल पडतं, ते त्याच्या लांबलचक रेणूंच्या वळणांत उमटायचं आणि थंड झालं की कायम व्हायचं. एकाच गोळ्यातलं रबर गाडीच्या बंपरला आणि चाकांना लावायचं, उरलेलं रिमोटच्या मुठीला. गाडी दगडावर आदळली की तो धक्का रेडिओलहरींनी मुठीत पोहोचायचा आणि मूठ चालवणाऱ्याचा तळवा दाबायची. दाबायची मात्र मळणाऱ्याच्या हातानं.

रेवतीच्या गाडीतला हात निनादचा होता. निनाद तिचा पहिला नवरा. आजारपणात गेला, जाण्याआधी गाडीची चाकं रुंद करून, नवा बंपर बसवून, सगळं स्वतः मळून ठेवून गेला. श्रीरंग मुळ्ये दुसरा. निनादच्या फोटोचं त्याला काही वाटायचं नाही, हार तोच घालायचा. पण गाडी खडकावर आदळली की रेवती डोळे मिटून हसायची आणि श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ही मुद्दाम आपटते, असा त्याला संशय होता. ती खरंच मुद्दाम आपटायची.

एका रविवारी बंपर उभा चिरला. रेवतीनं गाडी श्रीरंगकडेच दिली. "जरा बघतोस का? तुझ्याशिवाय कुणाला देववत नाही."

दुसरा कुणी असता तर विरघळला असता. श्रीरंग गाडी घेऊन थेट काझीबाईंकडे गेला.

"चिरलंय तेवढंच ऊन करून सांधा," त्या म्हणाल्या. "सगळं काढून मळलंत तर जुना हात पुसला जाईल."

"पुसला तर?"

"परत यायचा नाही. रेणू दोनदाच वळण घेतात, तिसऱ्यांदा मळलं की भुगा. तुमचा बसेल तो शेवटचा."

"मग बसू दे की माझा! मी नवरा आहे तिचा."

"अहो मुळ्ये, रबराला नवरा कळत नाही. मळताना हात जसा असेल तसाच ते उचलतं."

"हात काय, कालचा नि आजचा एकच," श्रीरंग म्हणाला आणि उठला.

घरी त्यानं बंपर, चाकं, मूठ, सगळं सोलून पाण्यात टाकलं. निनादचा हात आपल्या बोटांखाली मोडतोय, या विचारानं त्याला विलक्षण गोड वाटलं. तो दात-ओठ खाऊन मळत राहिला.

पुढच्या रविवारी रेवतीनं गाडी सोडली. नेहमीचा खडक गाठला, डोळे मिटले. गाडी आदळली आणि रेवती किंचाळली. रिमोट तिच्या हातून सुटेना. तिनं तो कसाबसा उपटून खाली टाकला. तळव्यावर लाल वळ उठले होते.

"हे कुणी मळलं?"

"मी."

"खोटं! तुझा हात मला माहीत नाही का?"

श्रीरंगनं रिमोट उचलला आणि गाडी खडकावर घातली. मुठीनं त्याची बोटं पकडली. माणूस पळून जाऊ नये म्हणून धरतात ना, तशी. सैल पडणं तिला माहीतच नव्हतं. त्याला स्वतःच्याच हाताची भीती वाटली.

"रेवती, रागात मळलं गं. मी असा नाहीये."

निनादचा हात कुठं गेला, हे रेवतीला कळून चुकलं होतं. सड्याची उतरण निसरडी होती. श्रीरंगनं पुढे होऊन नेहमीसारखा हात दिला. रेवतीनं त्या हाताकडे पाहिलं, मग बाजूच्या करवंदीच्या जाळीला धरून, काटे टोचत असतानाही, एकटीच खाली उतरली.