निकडांक

त्या काळात कोणतीही रेडिओलहर कायमची कुणाच्या मालकीची उरली नव्हती. मोबाईलवरचं बोलणं हवेतून लहरींच्या एका अरुंद पट्ट्यावर जातं, आणि असे पट्टे मोजकेच असतात. पूर्वी ते कंपन्यांना वाटून दिलेले असत. आता कोणता पट्टा कुणाला द्यायचा हे वाटपयंत्र दर सेकंदाला ठरवी. बोलणाऱ्याच्या पहिल्या चार शब्दांतला कंप, श्वास आणि घाई मोजून ते एक आकडा काढी. त्याला निकडांक म्हणत; तो जितका जास्त, तितका पट्टा लवकर.

मेळघाटातल्या एका उपकेंद्रात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा परिचारिका यमुना बेठेकर यांनी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. बावीस वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या शांत आवाजात त्या बोलल्या. खालच्या गावात आठवडी बाजार होता. यमुनाबाईंचा कॉल चौदा मिनिटं रांगेत राहिला. बाळ वाचलं, आई गेली.

चौकशीला डॉ. ऋजुता केळुसकर आल्या. यंत्र त्यांनीच बनवलं होतं. त्यात बिघाड नव्हता, हे त्यांनी नोंदी दाखवून समजावलं. यमुनाबाईंचा निकडांक बारा होता. बाजारात म्हशीवरून भांडणाऱ्या एका माणसाचा एकाहत्तर.

"दवाखान्यांसाठी एक पट्टा राखून का नाही ठेवत, मॅडम?" यमुनाबाईंनी विचारलं.

"ठेवला होता. दिवसातले तेवीस तास तो रिकामा असायचा. तेवढ्या वेळात इतरांचे किती कॉल अडले आणि त्यात किती माणसं दगावली, तेही मोजलंय आम्ही."

"मग मी ओरडायला हवं होतं?"

ऋजुता म्हणाल्या, "हो."

दोन महिन्यांनी सोमती नावाच्या बाळंतिणीला तसाच रक्तस्राव सुरू झाला. यमुनाबाईंनी फोन कानाशी धरला आणि त्या किंचाळल्या, "मरतेय ही, लवकर या!" पट्टा क्षणात मिळाला. गाडी वेळेवर आली.

पण सोमती शुद्धीवर होती. गाडी येईपर्यंत तिने बाळाचं नाव ठरवून सांगितलं, त्याला नणंदेच्या हाती दिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दहा दिवसांनी ती बरी होऊन घरी आली. यमुनाबाई रोज जात, नाडी बघत, आता कसलीही भीती नाही असं नेहमीच्या शांत आवाजात सांगत. सोमती ऐकून घेई. त्या आवाजावर तिचा विश्वास बसत नव्हता. बाळ नणंदेकडेच राहिलं.