तेलात तांबं

ठिणगीला राग यायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण मिळालं होतं, आणि तेही उंच, चष्मेवालं आणि हसरं.

ऑइलच्या दुकानात विक्रेता यंत्राचा खेळ दाखवत होता. फिरत्या कड्यावर लोखंडी रोलर दाबायचा, खाली तेल ठेवायचं, आणि रोलर किती घासला ते बघायचं. ज्या तेलात रोलरवरचा घासल्याचा डाग लहान, ते तेल भारी! ठिणगीने त्याच तेलाचा डबा उचलला, आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"हसायला काय झालं?"

"तुमच्या इंजिनात असा रोलर कुठे असतो?" चष्मेवाला म्हणाला. "आणि हे सगळं गार तेलावर. ट्रॅकवर तेल इतकं तापतं की पाण्यासारखं पातळ होतं. तिथे घट्ट राहील ते घ्या."

"मी ट्रॅकवर चालवते, हे कुणी सांगितलं?"

"हातमोज्यांनी… आणि नाकावरच्या रागाने."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने डबा खाली ठेवला आणि त्याने दाखवलेलं जाड तेल घेतलं. पुढच्या सरावात, गाडी कितीही पिदडली तरी ऑइल प्रेशरचा काटा जागचा हलला नाही. म्हणजे तो बरोबर होता. याचा तर तिला आणखीच राग आला.

तो तेल तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता. ती भांडायला म्हणून तिथे जाऊ लागली. भांडण चहापर्यंत लांबायचं, चहा संध्याकाळपर्यंत. त्याच्या बाहीवर नेहमी तेलाचा एक ठिपका असे, आणि बोलता बोलता तिची नजर तिथेच जाई. शर्यतीआधी ती नव्या इंजिनातलं तेल बाटलीत घेऊन गेली, तेव्हा त्याने विचारलं, इंजिनात नवीन काय काय बसवलंय? ती आदल्या दिवशीच्या कुठल्याशा वादावरून फुगलेलीच होती.

"मोठे जाणकार ना तुम्ही? ओळखा."

तो हसला… आणि त्याने खरंच अंदाजाने लिहून टाकलं.

अहवाल आला: तेलात तांबं फार, बेअरिंग झिजतंय, गाडी चालवू नका.

ते इंजिन बाबांनी बांधलं होतं. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. तो कसाबसा हलायला लागल्यावर त्यांनी हेच पहिलं काम हाती घेतलं होतं. हे चाललं तर गॅरेज चालेल, नाहीतर कुलूप, असं ते म्हणायचे. त्यांनी तो कागद वाचला, हत्यारं पुसून खोक्यात ठेवली आणि खोकं वर माळ्यावर टाकलं.

ठिणगी लॅबमध्ये शिरली ती वादळासारखीच.

"एका ओळीत माझ्या बाबांचे हात मोडलेत तुम्ही."

त्याचा चेहरा पडला. त्याने अहवाल पुन्हा पाहिला, बराच वेळ पाहिला. तांबं भरपूर होतं, पण शिसं नव्हतं, कथिल नव्हतं. बेअरिंग झिजलं असतं तर तीही दिसली असती. मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, "नवीन काय बसवलंय?"

"तेल गार करायचा कूलर."

"तांब्याच्या नळ्यांचा?"

तिने मान डोलावली. नव्या कूलरचं तांबं सुरुवातीला तेलात उतरतंच, हे तिलाही ठाऊक होतं.

"न विचारता लिहायचं नव्हतं," ती म्हणाली.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "पण उत्तर मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. चूक माझी."

आता राग काढायचा कुणावर? स्वतःवर रागावणं तिला मुळीच जमत नसे.

तो तसाच गॅरेजवर आला आणि त्याने बाबांची माफी मागितली. बाबांना माफी नको होती. त्यांनी खोकं खाली काढायला लावलं, त्याच उजव्या हाताने इंजिनाचा तळ उघडला आणि एक बेअरिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. गुळगुळीत होतं, एक ओरखडा नव्हता.

"हे लिही तुझ्या कागदावर," बाबा म्हणाले. नंतर मात्र त्यांनी त्याला चहा विचारला.

शर्यतीत ठिणगी तिसरी आली आणि पहिली न आल्याबद्दल गाडीतून उतरताना तिने दार आपटलं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. बाबांनी ते कानाने ऐकलं आणि गॅरेजचा नवा बोर्ड कोणत्या रंगात करायचा, ते शेजारच्या गाडीवाल्याला विचारायला निघून गेले.

तेल गरम असतानाच नमुना घ्यायचा होता, म्हणून तो बाटली घेऊन ट्रॅकवरच आला होता. तिने गाडीखाली सरकून इंजिनाच्या तळाचं बूच सैल केलं. पहिली धार वाहू दिली. मग त्याने बाटली धरली.

"या वेळी काय नवीन?" त्याने विचारलं.

"ओळखा," सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"नाही." त्याचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "ओळखून ओळखून मी एकदा तोंडघशी पडलोय. रोज भांडायला येतेस, गेलीस की मला काही सुचत नाही… यातून मी काय ओळखायचं? मी विचारणार, तू सांगायचं. नवीन काय आहे?"

त्याने तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं. तिचे कान तापले.

"तू," ती फाडकन म्हणाली. "तू नवीन आहेस. आवडतोस मला. एवढं विचारायला इतके दिवस लावतं का कुणी?" आणि रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो बघतच राहिला. बाटली केव्हाच भरली होती, तेल त्याच्या बुटावर सांडत होतं, आणि दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"अरे, बूच लावा कुणीतरी!" बाबा लांबून ओरडले.