डोळे मिटा, गोजरबाई

वायरी लावायच्या आधी मी प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारते, "काल डोकं धुतलंत का?" लोक छातीवर हात ठेवून हो म्हणतात आणि केसांतून खोबरेल ओघळत असतं. तेलावर वायर धरत नाही. मग मी स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक जागा घासत बसते. मोजपट्टी, लाल पेन्सिल, पेस्टचा डबा आणि एकवीस वायरी. अठरा वर्षं माझा संसार एवढाच, असं नवरा म्हणतो. तो शेंद्र्याच्या एमआयडीसीत नटबोल्ट मोजतो, त्यामुळं त्याला बोलायचा अधिकार आहे.

जालना रोडच्या मागच्या गल्लीत दमयंती मॅडमचं मेंदूविकारांचं क्लिनिक आहे. मी तिथं लागले ती फाइली लावायला. दहावी झालेली बाई, दुसरं काय येणार? मेंदूच्या लाटांचा आलेख, म्हणजे ईईजी, काढणारे गृहस्थ एका दिवाळीला गावी गेले ते परतलेच नाहीत, आणि मॅडमनी माझ्या हातात पट्टी दिली. त्यांची जुनी पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. निम्मं चुकीचं समजलं असेल. लाटा मात्र ओळखायला शिकले.

त्यातली एक लाट सगळ्यांना असते. माणूस जागा आहे, निवांत आहे आणि त्यानं डोळे मिटलेत, की डोक्याच्या मागच्या भागात ती उमटते. सेकंदाला नऊ-दहा. तिला अल्फा म्हणतात. डोळे उघडले की ती पुसली जाते. म्हणून प्रत्येक रेकॉर्डमध्ये मी मोठ्यानं सांगते, "डोळे मिटा," मग "डोळे उघडा," आणि दोन्ही वेळा बटण दाबून खूण करते. खोकला, हात हलला, बाहेर हॉर्न वाजला, जे जे घडेल त्याची नोंद करायची. नोंद राहिली की लाटेचा अर्थ बदलतो.

एक खोड मात्र मला लागली. "डोळे मिटा" म्हणताना माझेही मिटतात. लेकराला घास भरवताना आईचं तोंड उघडतं ना, तसं. रिसेप्शनवरची मोनिका हसते. "ताई, पेशंट टक्क जागा आणि तुम्हीच झोपल्या की!" मॅडम म्हणतात, माणसाच्या मेंदूला नकलेची खोडच असते, त्यात काही बिघाड नाही.

जूनमध्ये लासूर स्टेशनहून गोजरबाई आल्या. आल्या म्हणजे आणल्या. वय सहासष्ट. मोंढ्याच्या बाजारात कांदा निवडायच्या. मार्चमध्ये कांद्याच्या ढिगावरच कोसळल्या, मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून डोळे मिटलेले, नाकात नळी, दोन्ही मुठी आवळलेल्या. बरोबर मुलगा आकाश आणि मुलगी निशा. निशा सासर सोडून तीन महिने आईच्या उशाशी होती.

"आता आयचे हाल बंद करा," आकाश मॅडमना म्हणाला. "घरी नेतो, नळी काढतो. जायचं तवा सुखानं जाऊ द्या तिला."

"तिला ऐकू येतंय," निशा म्हणाली.

"तुला तर भिंतीलाबी ऐकू येतंय असं वाटतं."

"तू दोन दिसाआड अर्धा तास येतो. तुला काय कळणार हाय?"

मॅडमनी दोघांना थांबवलं. मेंदू बाहेरच्या बोलण्याला काही प्रतिसाद देतो का ते ईईजीत पाहू, म्हणाल्या. देत असेल तर नळी राहील, उपचार चालू राहतील. नसेल तर आकाशचं म्हणणं. त्यांनी "आकाशचं म्हणणं" एवढंच म्हटलं. निशा माझ्याकडं बघत राहिली, जणू ते मशीन मीच घरी शिवून आणलं होतं.

गोजरबाईंचं डोकं धुतलेलं होतं. निशानं सकाळीच धुतलं होतं, शिकेकाईनं. इतकी स्वच्छ टाळू मला वर्षात दोनदा भेटते.

पडद्यावर संथ, जाडजूड लाटा चालू झाल्या. अशा मेंदूत असतात तशा. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "डोळे मिटा, गोजरबाई." मिटलेल्याच डोळ्यांना मिटा म्हणायचं, हे जरा विचित्रच. पण पद्धत म्हणजे पद्धत. थोड्या वेळानं "डोळे उघडा." असं चार वेळा.

दुपारी मॅडम रेकॉर्ड वाचायला बसल्या आणि त्यांनी मला हाक मारली. "रत्नमालाबाई, हे काय?"

मी बघितलं. माझ्या "मिटा"च्या खुणेनंतर जाडजूड लाटा बाजूला सरल्या होत्या आणि मागच्या वायरींत अल्फा उमटला होता. बारीक, देखणा, नऊचा. "उघडा"च्या खुणेला पुसला गेला होता. चारही वेळा.

मॅडमनी चष्मा काढला. "बुधवारी परत काढा. दुपारभराचा. मग ठरवू."

बाहेर निशानं माझे दोन्ही हात धरले. ते तिनं कपाळाला लावले. मलाही मोठं काही केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पेशंट कमी होते. मी ते रेकॉर्ड पुन्हा उघडलं, केवळ आनंदासाठी. आमच्या मशीनमध्ये लाटांबरोबर खोलीचं चित्रणही होतं, पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात. त्यात गोजरबाई दिसत होत्या, आणि त्यांच्या कानाशी वाकलेली मी.

"मिटा" म्हटलं की माझे डोळे मिटत होते. लाट येत होती. माझे उघडले की जात होती.

योगायोग, म्हटलं. मग पुढं एक पाचवी जागा सापडली. तिथं खूण नव्हती. मी काही बोललेच नव्हते. स्पिरिटचा वास झोंबला म्हणून मी पदरानं डोळे दाबून उभी होते, अकरा सेकंद. अकरा सेकंद अल्फा होता.

नवीन मशीन आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं ते माझ्याच डोक्यावर लावून दाखवलं होतं. ते रेकॉर्ड जुन्या फोल्डरमध्ये होतं. माझा अल्फा जरा वाकडा आहे. डावीकडं भरघोस, उजवीकडं निम्मा, आणि मधूनच एखादा दात पडल्यासारखी फट. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली आणि वरची नावं हातानं झाकली.

ओळखता येईना.

मी तंत्राची बाई आहे. आधी वायरी तपासल्या, मग अर्थिंग. मग मनाशी म्हटलं, तू त्यांच्या डोक्याला हात लावून उभी होतीस, तुझ्या अंगातली वीज त्यांच्या वायरीत गेली असेल. असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तेवढ्यावर मी बुधवारपर्यंत जेवले, झोपले.

बुधवारी वायरी लावल्या आणि मी दारापाशी जाऊन उभी राहिले, हात पाठीमागं. डोळे सताड उघडे ठेवून म्हटलं, "डोळे मिटा, गोजरबाई." काही नाही. सहा वेळा सांगितलं. संथ, जाडजूड लाटा, बस्स. मग एक शब्द न बोलता मी डोळे मिटले आणि मनात वीस मोजले. ती लाट मला चालू असताना कधी बघता आली नाही, बघायचे डोळेच मिटलेले. उघडून पान मागं सरकवलं. वीस सेकंद अल्फा.

मशीनजवळ मोनिकाला बसवून मी जेवायला घरी गेले. रोज जाते. मुकुंदवाडीच्या स्टेशनच्या मागं आमचं घर आहे, रिक्षानं दहा मिनिटं. भाकरी खाल्ली आणि पलंगावर जरा आडवी झाले. डोळा लागला. गाडीच्या भोंग्यानं दचकून उठले तेव्हा दोन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

परत येऊन रेकॉर्ड बघितलं. दोन वाजून पाच मिनिटांपासून गोजरबाईंच्या पानावर झोप होती. निरोगी, गाढ होत जाणारी झोप, जशी बऱ्या माणसाची असते. आणि दोन सत्तावीसला एक मोठी, उंच लाट. अचानक आवाज झाला की झोपलेल्या मेंदूत उमटते ती.

"मोनिका, दोन सत्तावीसला इथं काय वाजलं?"

"काही नाही ताई. मी लिहिलंय बघा, खोली शांत. एवढी शांत की मलाच पेंग येत होती."

मॅडम पाचला येणार होत्या. सांगितलं त्याला प्रतिसाद नाही, एवढंच त्यांना त्या पानावर दिसलं असतं. बाकीचं मशीनच्या बिघाडात गेलं असतं, आणि गोजरबाईंची नळी निघाली असती. मला वाटलं, हे निशाला आधी माझ्या तोंडून कळावं.

ती बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर आईची घडी केलेली शाल. मी सगळं सांगितलं. डोळे, चित्रण, वाकडा अल्फा, भोंगा. वेड्या बाईनं सांगावं तसं वाटलं असेल.

"म्हणजे ती लाट तुमची हाय."

"हो बाई."

"आणि आय?"

"मला नाही माहीत."

ती शालीची किनार बोटानं ओढत राहिली. "मावशी, दुसऱ्या कुणाचं काय येतं का असं? दुसऱ्या पेशंटात?"

"नाही. कधीच नाही."

"मग आयच्यातच आलं ना. ती हाय म्हणून आलं. दार लावलेलं असतं तर तुम्ही आत कशा गेल्या असत्या?"

अठरा वर्षं वाचलेल्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं.

"वायरी अजून डोक्याला हायत," निशा म्हणाली. "परत सांगा तिला. आणि तुम्ही मिटा."

"निशा, ते खोटं होईल."

"व्हय. होऊ द्या."

मी आत गेले. आठ वेळा "मिटा" म्हटलं, आठ वेळा मिटले, आठ वेळा खूण केली. दुपारचं पान मी पुसून टाकलं. चित्रणाचा कॅमेरा आत गेल्या गेल्याच भिंतीकडं वळवला होता. नोंदीत लिहिलं, कॅमेरा नादुरुस्त. इतकं सुबक अक्षर माझं एरवी येत नाही.

मॅडमनी पाचला पान बघितलं आणि म्हणाल्या, "प्रतिसाद आहे." आकाश आईच्या पायांशी उभा होता. त्यानं दोन्ही तळवे तिच्या पावलांवर ठेवले आणि लहान पोरासारखा रडला. "मला माफ कर आय," म्हणाला. मी वायरी काढत होते. मला त्याच्याकडं बघवेना.

गोजरबाई नळीसकट लासूरला घरी गेल्या. चौथ्या दिवशी दोन वाजता निशाचा फोन आला.

"मावशी, जेवण झालं का?"

"झालं."

"मग मिटता का थोडं? आज लई तळमळती."

मी मिटले. पलीकडून निशाचा श्वास ऐकू येत होता. "मुठी सोडल्या बघा," ती हळूच म्हणाली. "दोन्ही."

मग रोजचंच झालं. दोनला फोन, दहा मिनिटं. निशा मला तिथलं सांगायची, आयनं मान वळवली, आयचा श्वास मोकळा झाला. मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं, लासूरला एक नवी भाची झालीय. माझं एवढंच झालं की फोननंतर माझ्या मुठी आवळलेल्या असायच्या आणि बोटं एकेक करून सोडवावी लागायची. आणि हातांना कांद्याचा वास, स्वयंपाकात कांदा नसला तरी. साबणानं जायचा.

ऑगस्टच्या शेवटी मला डोळे उघडायला जड जायला लागलं. निशा "उघडा" म्हणायची आणि मी पापण्या शोधत बसायची.

एका गुरुवारी मी फोन न उचलायचं ठरवलं. तो अकरा वेळा वाजला. बाराव्याला उचलला.

"मावशी, असं नका करू," निशा म्हणाली. ती रडत नव्हती. "आय निळी पडली होती. आत्ता, आत्ता."

मी मिटले.

बराच वेळ गेला. स्टेशनात गाडी आली, गेली.

"उघडा आता, मावशी."

पापण्या हलेनात. मी जोर लावला. आणखी लावला. उघडल्या.

फोनमध्ये भांडं पडलं. "उघडले! आयनं डोळे उघडले! माझ्याकडं बघती, मावशी, माझ्याकडं!"

"बोट फिरवून बघ," मी म्हटलं. आवाज कामावरचाच निघाला. "नजर मागं येते का?"

"येती. येती वो. आय, मी निशा, ओळखलं का?" मग मला, "ओठ सुकलेत तिचे पार. थांबा, कापूस भिजवून आणते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला.

माझ्यासमोर माझीच खोली होती. कपाट, खिडकी, दोरीवरची साडी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

माझ्या खालच्या ओठावरून काहीतरी ओलं, मऊ फिरलं. डावीकडून उजवीकडं, सावकाश.

मी जीभ लावली. आमच्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं. हे बोअरचं होतं, मचूळ.