‘नको’ची कळ

केतकी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. आतल्या खोलीत धरणाची पाणीपातळी ‘ओळ’ वाचून दाखवत होती. केतकीचा नवरा श्रीरंग पाटबंधारे खात्यात अभियंता होता. त्याची सकाळ धरणापासूनच सुरू व्हायची आणि आजारपणातही त्यात खंड पडला नव्हता.

‘ओळ’ म्हणजे केतकीनं स्वतः लिहिलेला ब्राउझर. एव्हाना इंटरनेटवर वाचण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. पानं नजरेच्या इशाऱ्यावर हलायची, बोलायची, डोळ्यांपुढे नाचायची. ज्याचे डोळेच थकलेत त्यानं काय करायचं, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. ‘ओळ’मध्ये चित्रं नव्हती. नुसता मजकूर, तो वाचणारा आवाज आणि कळफलकावरच्या आज्ञा: पुढे, मागे, दुवा उघड, पान बंद कर.

श्रीरंगचे स्नायू एकेक करून निकामी होत होते. एखादं बोट गेलं की केतकी सगळ्या आज्ञा उरलेल्या बोटांत बसवायची. दोनच बोटं राहिली तेव्हा तिनं ‘ओळ’ला अंदाज बांधायला शिकवलं. हा माणूस कशानंतर काय उघडतो, हे ‘ओळ’ला एव्हाना पाठ झालं होतं. पुढची आज्ञा ‘ओळ’च सुचवायची. एका बोटानं ‘हो’, दुसऱ्यानं ‘नको’.

मग एकच बोट उरलं. उरलेली कळ ‘हो’ची ठेवावी असं केतकीचं मत होतं. श्रीरंगला तेव्हा अजून थोडं बोलता येत होतं.

“‘नको’ची ठेव,” तो अडखळत म्हणाला. “बरोबर असेल तर गप्प बसेन. चुकलं तरच दाबेन.”

तिला हसू आलं. जेवणाच्या बाबतीतही याचं हेच धोरण. भाजी छान झालीय असं जन्मात कधी म्हणाला नाही. मीठ जास्त पडलं की मात्र लगेच तोंड उघडायचा. गप्प जेवला म्हणजे जेवण झकास, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती, आणि त्यावरून रुसूनही झालं होतं. तिनं तसंच लिहिलं. ‘ओळ’नं थोडं थांबायचं, कळ दाबली गेली नाही तर होकार समजायचा.

मागच्या महिन्यात त्याचा श्वास अडकू लागला. गळ्यात नळी बसवून यंत्रानं श्वास द्यावा लागेल, असं डॉक्टर मुजावरांनी समजावलं. मग ते यंत्र कायमचंच. श्रीरंगचं बोलणं बंद झालं होतं, पण तो पूर्ण शुद्धीवर होता, म्हणून निर्णय त्यानंच घ्यायचा होता. संमतीचं पान ‘ओळ’मध्ये उघडलं. ‘ओळ’नं ते शांतपणे वाचलं आणि अंदाज सांगितला: संमती. केतकी त्याच्या बोटाकडे बघत उभी राहिली. बोट हललं नाही. डॉक्टरांसमोरच तिला आनंदानं रडू फुटलं.

आता पोह्यांना फोडणी देता देता तिच्या कानांवर राशिभविष्य पडलं. वर्तमानपत्रानं आज पानांची मांडणी बदलली होती, त्यामुळे ‘ओळ’चा अंदाज चुकून भलताच दुवा उघडला होता. ज्योतिषाचं नाव काढलं तरी श्रीरंगचं डोकं फिरायचं. लग्नात त्यानं पत्रिकासुद्धा जुळवू दिली नव्हती. तरी मकर संपून कुंभ सुरू झाली. गॅस बंद करून केतकी आत गेली.

“काय रे, हे ऐकतोयस तू? ‘नको’ दाब ना.”

‘ओळ’ मीन राशीवर आली. केतकीनं त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. त्यात काहीच जोर नव्हता. शेवटी तिनंच ते दाबलं, तेव्हा ‘ओळ’ थांबली.

बोट कधी गेलं? काल? परवा? यंत्र लावल्यापासून त्यानं एकदाही ‘नको’ म्हटलं नव्हतं. ‘ओळ’ आता एकदम तयार झालीय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होती. आठवून तिला स्वतःची किळस आली.

श्रीरंगच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बुबुळं हलत नव्हती, पापण्याही मिटत नव्हत्या, त्यामुळे ते हल्ली रोजच यायचं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि त्याचा हात तिनं मांडीवर घेतला.

“त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू कळ दाबायला बघत होतास का रे?”

यंत्रानं त्याची छाती वर उचलली, खाली सोडली. ‘ओळ’ थोडा वेळ थांबली आणि तिनं पुढचं पान उघडलं.