सापडला तर आपला

माझ्या बापाचं बारसं झालं ते साल अठराशे एक्याऐंशी. त्याच साली लोकांची मोठी शिरगणती झाली. कारकून बाळकुमात दारोदार फिरून माणसं मोजून गेला आणि त्यानंतर माझा बाप जन्मला. म्हणून माझे आजोबा, गावचे महिपत पाटील, त्याला पुढे कितीतरी वर्षं ‘सरकारच्या हिशेबाबाहेरचा’ म्हणत. बापाहून वीस वर्षांनी मोठी त्याची बहीण, रतनआत्या. तिचं लग्न एकदा ठरलं होतं, पण नवरा मुलगा पटकीत गेला. त्यानंतर स्थळं येईनाशी झाली होती. ही गोष्ट तिची आहे.

बाळंतिणीला दूध हवं होतं आणि गावातल्या म्हशी आटलेल्या. रतनची आजी खाडीपलीकडे काल्हेरला राहायची, तिची म्हैस नुकतीच व्याली होती. घरची लहान होडी डांबर लावून उलटी घातलेली. तेव्हा रतन पितळेची चरवी कडेवर घेऊन धक्क्यावर गेली आणि समोर आली त्या होडीत चढली.

होडी दौलतची होती. कशेळीचा पोर, खाडीच्या त्या अंगाचा. दोन्ही काठांची माणसं इकडून तिकडे नेण्याचा मक्ता त्या साली त्याला मिळाला होता.

“बस नीट. मधोमध,” तो म्हणाला.

“मी काय होडीत पहिल्यांदा बसते?”

“माझ्या होडीत तर पहिल्यांदाच.”

वारा मिठागरावरून येत होता. तिनं पदरानं ओठ पुसले, पुन्हा पुसले…

“किती पुसशील? ते मीठ परत येणारच.”

“माझ्या तोंडाकडं बघायचं काम नाय तुझं. वल्ह्याकडं बघ.”

“वल्हं मना पाठ हाय,” दौलत म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते. रतननं ते पाहिलं. येताना तिनं चरवी अशी धरली की दूध हिंदकळू नये, आणि तरी ते हिंदकळलं.

असं रोज व्हायला लागलं. घरची होडी वाळली तेव्हा तिनंच ती बातमी त्याला दिली.

“मग उद्यापासून नाय येणार?”

“घरची होडी असताना परक्याच्या होडीत कोण बसतं?” ती म्हणाली. म्हणताना तिला वाटलं होतं, हा काहीतरी बोलेल. पण तो नुसताच वल्हवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या घरचं वल्हं नाहीसं झालं. रतनचे आबा, म्हणजे महिपत पाटील, पोरांवर ओरडले, गड्यांवर ओरडले. रतन कपाळाला आठ्या घालून धक्क्याकडे निघाली, आणि वळणापलीकडे गेल्यावर तिच्या आठ्या आपोआप मोडल्या.

त्याच सुमाराला गावाबाहेर, चिंचेखाली, राहुट्या पडल्या. ही माणसं दरसाल शिमग्यानंतर यायची. त्यांच्याबरोबर घोडी असत. विकायला कात्र्या, सुऱ्या, काचेचे मणी. कुणी त्यांना काबुली म्हणे, कुणी इराणी, कुणी बलुची. त्यांनाच विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ती आली की बाया वाळवणं आत घेत आणि पोरांना सांगत, “बाहेर जाशील तर पोत्यात घालून नेतील.”

त्या वर्षी ठाण्याहून फौजदाराचा हुकूम आला होता. मुलखात परकी माणसं फार झाली, चोऱ्या वाढल्या, अशी ओरड होती. तेव्हा प्रत्येक पाटलानं सांगावं, गावात चोऱ्या किती आणि त्यातल्या परक्यांच्या किती. महिपत पाटलांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी चावडीच्या भिंतीवर कोळशानं दोन बाजू केल्या. डावीकडे आपल्या माणसांच्या चोऱ्या, उजवीकडे परक्यांच्या.

“पण चोर कोण ते कळलं नाय तर रेघ कुठं मारायची?” मारुतीनं विचारलं. हा आबांचा चुलतभाऊ, प्रत्येक गोष्टीत फाटा काढणारा.

आबांनी विचार केला. “सापडला तर आपला, नाय सापडला तर परका.”

सगळ्यांना ते पटलं. आपला माणूस असता तर सापडला नसता का? अशा रीतीनं उजवीकडे रेघा वाढत गेल्या. कुणाचा कोंबडा गेला, कुणाचं जाळं गेलं, कुणाची वाळत घातलेली लंगोटी गेली. डावीकडे एकच रेघ होती. ती खुद्द मारुतीची. शेजाऱ्याच्या माडावर चढताना तो सापडला होता.

राहुट्यांतली एक पोरगी होती, गुलनार. गावच्या जिभेला ते नाव जमेना, म्हणून सगळे तिला गुलाबी म्हणत. घारे डोळे, पायघोळ घागरा, आणि हसली की दोन्ही काठांना ऐकू जावं असं हसणं. मणी विकायला ती रोज काल्हेरला जायची. म्हणजे रोज दौलतच्या होडीत. बसायची ती रतनच्या समोर.

पहिल्या दिवशी रतननं तिचे मणी पाहिले. दुसऱ्या दिवशी डोळे. तिसऱ्या दिवशी रतन फक्त दौलतला बघत होती – तो कुणाकडे बघतो ते.

मग एकदा गुलनारनं रतनकडे बोट केलं, दौलतच्या बाजूला झुकून काही पुटपुटली आणि खदखदून हसली. दौलत लाजला. चांगला मानेपर्यंत लाजला! काल्हेरला गुलनार उतरून गेली तशी रतननं विचारलं,

“काय म्हणाली ती?”

“काय नाय.”

“काय नाय म्हणायला एवढं हसायला लागतं?”

“रतन… तू जळतेस?”

“जळायला मी काय लाकूड हाय?”

“धूर तर येतोय.”

“तो तुझ्या डोक्यातून. घारे डोळे बघून बघून पेटलंय ते.”

ती ताडताड चालत गेली. आजीनं विचारलं, “काय गो, कुणाशी भांडलीस?” तर म्हणाली, “म्हशीशी.”

त्या दिवसापासून रतनचं मन दुधासारखं झालं, जरा काही पडलं की नासायचं. ती न्हाताना आपल्या वेणीची लांबी मापायची. आरशात आपले काळे डोळे बघायची आणि वाटायचं, गावात सगळ्यांचेच काळे आहेत, यांत बघायचं काय? मैत्रीण शकू जखमेवर मीठ चोळायची. “तुझा होडीवाला काबुलात जाणार बघ. घोड्यावर बसून. तुला नेईल का गो, मागं बांधून?”

आणि एके दुपारी रतननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दौलत चिंचेखाली गेला, गुलनारच्या राहुटीचा पडदा उचलून आत डोकावला, आत कुणाशी तरी बोलला आणि हसत परतला.

संध्याकाळी आबा ओसरीवर बसले होते. वल्ह्याचा विषय निघाला.

“कुणी नेलं असेल गो?”

रतन भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “वल्हं गेलं त्या सकाळी ती गुलाबी आपल्या धक्क्यावर होती.”

बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. गुलनार रोजच तिथं असायची. पण आबा उठले, चावडीवर गेले आणि उजवीकडे आणखी एक रेघ मारून आले. भाकरी करपली.

रेघा वाढल्याचं कळलं तेव्हा फौजदार श्रीपादराव स्वतः घोड्यावरून आले, चार शिपाई घेऊन. त्यांच्या कारकुनानं भिंतीवरच्या रेघा उतरवून घेतल्या. मग राहुट्यांची झडती झाली. कोंबडा सापडला नाही, जाळं सापडलं नाही. पण गुलनारच्या राहुटीत, बिछान्याखाली, गोणपाटात गुंडाळलेलं पाटलाचं वल्हं निघालं.

सगळा गाव चावडीपुढे जमला. गुलनारच्या बापाचे, म्हाताऱ्या हैदरचे, हात मागं बांधले. त्याला ठाण्याच्या तुरुंगात न्यायचं आणि घोडी जप्त करायची, असं ठरलं. घोडी गेली तर त्या माणसांचं सगळंच गेलं.

“किसने दिया ये?” श्रीपादरावांनी गुलनारला विचारलं.

ती बोलेना.

“बोल, नाहीतर बाप जाईल.”

गुलनारच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं एकदा दौलतकडे पाहिलं, एकदा रतनकडे, आणि मान खाली घातली. आपल्या एका वाक्यानं इथवर आलं हे रतनला कळत होतं. आणि तरी त्याच वेळी एक काटाही टोचत होता – हिला दौलतचं असं काय ठाऊक आहे, जे मला नाही?

“सोडा म्हाताऱ्याला.” दौलत गर्दीतून पुढे आला. “वल्हं मी नेलं. मीच तिच्याकडं ठेवायला दिलं. कुणाला सांगू नको म्हणालो, तर ती बिचारी आताही सांगत नाय.”

गलका झाला. श्रीपादराव म्हणाले, “तुझी स्वतःची होडी आहे. दुसऱ्याचं वल्हं तुला कशाला?”

दौलत घोटाळला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. “साहेब… पाटलाच्या घरी वल्हं असतं, तर… पाटलाची पोर माझ्या होडीत कशाला बसली असती?”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी चावडी हसली. एक आबा सोडून. ते काठी घेऊन उठले, तर मारुतीनं त्यांना धरलं.

“नाव? गाव?” श्रीपादरावांनी विचारलं.

“दौलत. कशेळी.”

“म्हणजे हाही परकाच. पाटील, तुमची रेघ उजवीकडची उजवीकडे राहिली. याला बांधा. होडीचा मक्ताही रद्द होईल.”

शिपाई दोर घेऊन पुढे झाला. त्या दोराकडे बघून रतनला काय झालं कोण जाणे. बायांच्या घोळक्यातून ती निघाली आणि बापाच्या समोर उभी राहिली.

“आबा, कायदा तुमचाच हाय ना? सापडला तर आपला. मग हा सापडलाय.”

“गप बस, रतन!”

“नाय बसत. आपल्या माणसानं घरचं वल्हं हलवलं तर ती चोरी होते? मारुतीकाका दुसऱ्याच्या माडावर चढले, त्यांना कुणी ठाण्याला नेलं?”

“माझं नाव कशाला घेतेस गो?” मारुती म्हणाला.

“आणि कोंबडा उदमांजरानं नेला, पिसं आपल्या परसात हायत. मी बघितलीत.”

श्रीपादरावांनी भिंतीवरच्या रेघांवरून एकदा नजर फिरवली. मग आबांना म्हणाले, “पाटील, वल्हं तुमचं. फिर्याद तुमची. काय लिहू?”

आबांनी दौलतला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुलीला पाहिलं. दोन वर्षं तिच्यासाठी कुणी दारात आलं नव्हतं, आणि हा चोरून आला होता. त्यांनी काठी खाली ठेवली.

“लिहा,” ते कष्टानं म्हणाले, “घरातल्या घरात सापडलं.”

म्हाताऱ्या हैदरचे दोर सुटले. रतननं पदराच्या शेवानं उजवीकडची शेवटची रेघ पुसली. सगळीच बाजू पुसली. पण कारकुनानं आधीच उतरवलेल्या बाकीच्या रेघा ठाण्याला गेल्या त्या गेल्याच, आणि राहुट्या सांजच्या आत उठवाव्यात हा हुकूमही तसाच राहिला.

राहुट्यांतली माणसं आवराआवर करत असताना रतन तिथं गेली. तिनं गुलनारचा हात धरला आणि माफीच्या आधी दुसरंच तोंडातून निघालं.

“त्या दिवशी होडीत काय म्हणालीस त्याला?”

गुलनारनं नाक पुसलं. “मैंने बोला, जल्दी शादी कर ले. नहीं तो ये लड़की मुझको खा जाएगी.”

दोघी हसल्या. रडतही होत्या.

लग्न वैशाखात झालं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं सगळा दिवस गाणी म्हटली, आणि एका गाण्यात वल्हं घातलं. आबा तेव्हा पहिल्यांदा हसले. राहुट्या पुढच्या वर्षी परत आल्या, त्यापुढच्याही वर्षी. दौलत त्यांना खाडी उतरून द्यायचा. रतनआत्या त्यांच्याकडे दूध पाठवायची, ताक पाठवायची, पण दौलतला एकट्याला चिंचेखाली कधी जाऊ देत नसे. गुलनारचं लग्न झालं, तिला पोरं झाली, समोरचे दोन दात पडले. तरी नाही.

“अगं, म्हातारी होत आली ती,” दौलत म्हणायचा.

“डोळे घारेच हायत अजून,” आत्या म्हणायची.

एका वर्षी राहुट्या आल्या तेव्हा होडीवर दुसराच माणूस होता. गुलनारनं त्याला विचारलं, मग चढण चढून आत्याच्या घरी आली आणि उंबऱ्यावर बसून ऊर बडवून रडली. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत होती. पुढे आत्यानंच मला सांगितलं, “तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, ही माझ्याहून जास्त का रडते?”

दौलत अठराशे सत्त्याण्णव सालच्या माघात गाठीच्या तापानं वारला. रतनआत्या एकोणीसशे एकोणतीस सालच्या कार्तिकात गेली.