पाणी उकळून ठेवा

१९७९ च्या नोव्हेंबरात डॉ. नाकायामा नावाचे जपानी पाहुणे आमच्या कृषी महाविद्यालयात आले. भाताच्या जुन्या वाणांवर त्यांचा अभ्यास होता आणि भंडारा जिल्ह्यातल्या गावांतून त्यांना बियाणं गोळा करायचं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा. नोकरीसाठी नाशिकहून नागपूरला आलेला, अजून कायम न झालेला प्राध्यापक. पाहुण्यांना चार दिवस फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं.

आदल्या वर्षीचा परदेशी पाहुणा कावीळ घेऊन घरी गेला होता आणि त्यावरून दिल्लीपर्यंत पत्रापत्री झाली होती. निघताना विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "बियाणं नाही मिळालं तरी चालेल. माणूस धडधाकट परत आणा."

मी जीपमध्ये एक पत्र्याची पेटी ठेवली. तीत स्टोव्ह, किटली, मच्छरदाण्या, परमँगनेटची बाटली, हिवतापाच्या गोळ्या असं सगळं होतं. पाणी वीस मिनिटं उकळायचं, कापलेलं फळ द्यायचं नाही, कच्ची कोशिंबीर नाही. नाकायामा पंचावन्नचे, काटक आणि सदा हसतमुख. हे नियम त्यांना इतके आवडले की पहिला मराठी शब्द ते शिकले तो 'उकळलेलं'. मग चहा पुढे आला की छातीवर हात ठेवून विचारायचे, "उकळलेलं?" उकडलेल्या अंड्यालाही तेच. आमचा ड्रायव्हर बाबूलाल तुमसरचा. तो जीपमध्ये पेट्रोल भरतानासुद्धा त्यांच्याकडे वळून म्हणायचा, "उकळलेलं हाये, साहेब!" आणि दोघं पोट धरून हसायचे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही वैनगंगा ओलांडून कारध्याला पुंडलिकरावांकडे गेलो. खळ्यावर धानाचे भारे पडले होते, उन्हाला पेंढ्याचा गोड वास होता. ओसरीत पाण्याचा पितळी गुंड ठेवलेला, त्यावर ओलं फडकं.

"पानी उकळून थंडं करून ठेवलं जी," पुंडलिकराव म्हणाले. "तुमची नर्सबाई सांगून गेली ना सकाळीच. पेरू कापून देऊ नोका म्हने."

मी कुणाला पाठवलं नव्हतं. पण आमच्या दौऱ्याची पत्रं आरोग्य केंद्रालाही गेली असतील, असं मी धरलं.

"कोण होती?"

"पोरगीच होती जी, ईस-बावीस वर्साची. हिरवं लुगडं, गुडघ्यावरी ओलं. नदीतून आली असन. डाव्या मनगटावर हा एवढा फोड. म्हनलं काय झालं, तं म्हने, पानी उकळताना भाजलं."

नाकायामा तीन पेले पाणी प्यायले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. पुंडलिकरावांनीही तसाच वाकून केला. दोघांपैकी कुणालाच आधी सरळ व्हायचं नव्हतं. बियाण्याच्या सहा पुड्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी कोंढ्याला चंद्रभागाबाईंच्या घरी पोचलो, तर चुलीशेजारी दोन घागरी झाकून ठेवलेल्या. चंद्रभागाबाई साठीच्या, ठसठशीत आवाजाच्या. घरची पाच एकर धानाची शेती त्याच बघत.

"बाई सांगून गेली," त्या म्हणाल्या.

"तीच का, बावीस वर्षांची?"

"बावीस? नाही बाप्पा. दोन लेकरांची माय दिसत होती, पस्तिशीची. मनगटावर भाजल्याचा डाग होता, पन खपली पडून गेलती. हिरवं लुगडं, ओलंच." त्यांनी आवाज उतरवला. "आन् तिनं सांगतलं, आज पाटलाच्या मांडवात तुमाले जेवाले नेऊ नोका."

गावात बारशाचं मोठं जेवण होतं. आम्हालाही आमंत्रण आलं. मी पाहुण्यांच्या पोटाचं कारण सांगून टाळलं आणि आम्ही चंद्रभागाबाईंकडे गरम भात आणि वाटाण्याची भाजी खाल्ली.

चारच्या सुमारास गावभर ओरड झाली. मांडवात जेवलेल्यांना एकामागून एक उलट्या सुरू झाल्या होत्या. ताकात काहीतरी बिघडलं असावं. बाबूलालनं जीपच्या दोन फेऱ्या करून सात जणांना पवनीच्या दवाखान्यात पोचवलं. इकडे नाकायामांनी बाह्या सरसावल्या, चंद्रभागाबाईंच्या घागरी बादलीत ओतल्या आणि मीठ-साखर घालून ढवळायला लागले. घरोघर जाऊन गुडघ्यावर बसायचे आणि पेला पुढे करायचे. "उकळलेलं," म्हणायचे, या वेळी प्रश्न न करता. एक म्हातारा तोंड फिरवून बसला, तर त्याच्यापुढे स्वतः एक पेला घटाघट पिऊन दाखवला. म्हातारा हसला आणि प्यायला. दिवेलागणीपर्यंत सगळ्यांच्या जिवावरचं टळलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी ओसरीवर चक्क गाणं म्हटलं.

निघताना मात्र मी चंद्रभागाबाईंना विचारलं, "त्या बाईला माहीत होतं, तर तिनं गावाला का नाही सांगितलं?"

"मीबी आता तेच मनात घोकून राहिली. सकाळी म्हनलं होतं तिले, काहून वं, मांडवात काय हाये? तं म्हने, मले बाकीच्याचं सांगता येत नाही. मी या दोघायसंगं हाओ."

"आम्ही तिघे आहोत."

"दोघंच म्हने. ड्रायव्हर इथलाच हाये, त्याले सोसते."

बाबूलालला हे फार आवडलं. भंडाऱ्यापर्यंत तो छाती ठोकून सांगत होता, "मले सोसते!"

मी विश्रामगृहात कागद घेऊन बसलो. तीन शक्यता मांडल्या. दोन वेगळ्या बायका असतील. कुणीतरी सांगण्यात चूक केली असेल. आरोग्य खात्याची काही मोहीम असेल. तिन्हींत थोडं थोडं तथ्य वाटलं आणि मला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका वेगळ्याच गावाला निघालो होतो. तुमसरच्या पुढे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. नाकायामांनी लांबच्या डोंगरावरचा पडका किल्ला पाहिला आणि लहान मुलासारखं बोट केलं. बाबूलाल म्हणाला, खाली आंबागड आहे, तिथं माझी मावसबहीण सत्यभामाबाई दिली आहे, तिच्याकडे जुना धान मिळेल. गाडी वळवली. हा बेत ठरला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तो आम्हा तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

सत्यभामाबाई दारातच उभी होती.

"या दादा. पानी कवाचं उकळून थंडं झालं."

बाबूलालचं हसू तिथंच थांबलं.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"म्हातारी. पासष्टीची असन. पायरीवर बसून लय वेळ दम घेतला बिचारीनं." तिनं पायरीकडे हात केला. शेणानं सारवलेली ती पायरी उन्हात कोरडी ठणठणीत होती, फक्त मधोमध माणूस बसेल एवढा भाग ओला होता. "मनगटाले जुना डाग होता, पांढरा पडलेला. म्हनलं, आजी, घोटभर पानी घे. उकळलेलं देऊ लागली तं म्हने, ते त्यायचं हाये. मंग तलावाचं गढूळ पानी ओंजळीनं पेली. म्हनलं, कावं आजी, तुले काही होनार नाही काय? तं हासली."

मी नाकायामांना सगळं इंग्रजीत सांगितलं. सत्यभामाबाईनं दिलेला पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग मान लववून सगळा संपवला.

चौथं गाव साकोलीच्या बाजूला, एका मोठ्या तलावाच्या काठी. त्याचं नाव मी लिहीत नाही. सकाळी दहाला पोचलो. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढलेलं, पाण्याला आधण आलेलं.

"घ्या सर," बाबूलाल म्हणाला, "आली वाटते तुमची बाई." धीर आणल्यासारखा तो हसला. मीही हसलो. खरं सांगायचं तर तोवर तिची सवय झाली होती. कुणीतरी आपल्यापुढे चालतं आहे, ही भावना वाईट नव्हती.

घरमालक जागेश्वर उघड्या डोक्यानं पुढे आले.

"तुमीच काय जीपवाले सर?"

"हो."

"बाई गेली जी."

"कुठं गेली?"

"वारली. पहाटे."

ते पाणी तिच्या आंघोळीसाठी होतं.

आदल्या संध्याकाळी ती आली होती, असं जागेश्वर म्हणाले. नव्वदीची तरी असेल, हातातली काठीही जड व्हावी अशी. पाहुण्यांसाठी पाणी उकळायला सांगितलं आणि ओसरीत आडवी झाली. नाव विचारलं तर सांगितलं नाही. रडायला कुणी नव्हतं, म्हणून आयाबाया उगाच डोळे पुसत होत्या.

"अग्नी कोन देईन, असं इचारलं तिले," जागेश्वर म्हणाले. "म्हने, मास्तर येईन जीपनं. त्याले देऊ द्या. आमी तुमचीच वाट पाहून राहिलो."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं. सुरकुतलेला, ओळखीचा नसलेला, समाधानी चेहरा. डावं मनगट छातीवर होतं. डाग इतका जुना की आधी माहीत नसता तर दिसलाही नसता.

आम्ही तिला तलावाच्या काठी नेलं. नाकायामांनी टोपी काढली आणि एका बाजूला खांदा दिला. मी अग्नी दिला. ऊन छान पडलं होतं, तलावात पाणकोंबड्या पोहत होत्या. परत आल्यावर जागेश्वरांच्या घरी चहा झाला आणि चार पुड्या बियाणंही मिळालं. नाकायामा ठणठणीत मायदेशी पोचले. मी पुढच्या जूनमध्ये कायम झालो. त्यांचं पत्र दर जानेवारीत येतं आणि खाली मराठीत एकच शब्द असतो. तो वाचून माझी मुलं हसतात.

काठावरची एक गोष्ट मात्र मी नाकायामांना कधी लिहिली नाही.

चिता पेटल्यावर मी मागे सरलो, तेव्हा पाच-सहा हातांवर दुसरं सरण दिसलं. कोरडी लाकडं, नीट रचलेली. त्यावर कुणी नव्हतं.

"हे कोणाचं?" मी जागेश्वरांना विचारलं.

"तिनंच रचाले लावलं, काल. म्हने, तीन दिवस सांभाळत आली, पन दोघायपैकी एकाचा भरवसा नाही. उद्या सांजवरी नाही लागलं तं चुलीले वापरा."

नाकायामा त्या लाकडांवर टेकून बुटाची नाडी बांधत होते.