गाढ श्रवणाचे दोन गुण

वर्गात कुणीही बोलत नव्हतं आणि शैलजाबाई वाडेकर खूश होत्या.

शनिवारचा अकराचा तास. पडद्यावर अडतीस चौकटी; एक रिकामी, बाकी सगळ्यांत चेहरे. हे सगळे कोकणपट्टीतल्या लहान गावांचे जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या टाकीत पाणी चढवणारी, त्यात ब्लीचिंग पावडर कालवणारी आणि नळ करंगळीएवढा आला की घरोघरच्या शिव्या खाणारी माणसं. कुणी पंपघराच्या पायरीवर बसलं होतं, कुणी ग्रामपंचायतीच्या कपाटाला टेकून. प्रत्येकाच्या उजव्या कानामागे बोटभर रुंदीची करडी पट्टी चिकटवलेली होती. कागदोपत्री तिचं नाव श्रवणमापक. विद्यार्थी तिला कानपट्टी म्हणायचे.

माणूस खरंच ऐकतोय की नुसती मान डोलावतोय हे घराघरांतल्या बायकांना पूर्वापार ओळखता येतं. यंत्राला ते जमायला जरा वेळ लागला. ऐकलेलं मेंदूत कुठेतरी जाऊन भिडलं की कानामागच्या त्वचेखाली अगदी क्षीण विद्युत-लहरी उठतात. पट्टी त्या टिपायची आणि बाईंच्या पडद्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचा लक्षालेख काढायची. रेघ वर असली की लक्ष आहे, खाली गेली की स्वारी बाजारहाटाच्या विचारात आहे. आणि रेघ एकदम टोक काढून उसळली की ते ‘गाढ श्रवण’. त्याचे दोन गुण जादा.

ही कल्पना शैलजाबाईंचीच. आधी या अभ्यासक्रमात शंभरपैकी तीस गुण ऑनलाइन चर्चेला असायचे. दर आठवड्याला स्वतःचं एक मत लिहायचं आणि दोन सहाध्यायांना उत्तरं द्यायची, असा नियम होता. परिणामी चर्चेच्या पानावर ‘छान मुद्दा मांडलात, मी सहमत आहे’ हे वाक्य एका सत्रात सातशे वेळा लिहिलं गेलं. बाईंनी मोजलं होतं. ज्यांची बोटं फोनवर भराभर चालायची त्यांना तीसपैकी अठ्ठावीस पडायचे. ज्यांना शुद्धलेखनाची धास्ती, ज्यांच्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन, ती माणसं मार खायची. हा अन्याय बाईंना फार लागायचा, कारण शाळेत असताना त्या स्वतः मागच्या बाकावरच्या मुक्या होत्या. म्हणून त्यांनी तीन वर्षं खपून श्रवणमापक आणला आणि तीसच्या तीस गुण ऐकण्याला देऊन टाकले. बोलायचं तर बोला, सक्ती नाही. वर्ग शांत झाला, नापासांची संख्या निम्म्यावर आली आणि बाईंचा सत्कारही झाला. येत्या सोमवारी विद्यापीठाच्या सगळ्या शाखांना मापक लागू होणार होता.

त्या शनिवारी तास संपल्यावर त्यांचा फोन वाजला. पलीकडे सदानंद धनावडे होता, नागलेवाडीचा जलसुरक्षक. तो सलग दोन तासांना आला नव्हता आणि यंत्राने त्याला आपणहून इशारा पाठवला होता: ‘आपले श्रवण असमाधानकारक आहे.’

“मॅडम, तेवढे मार्क कापू नका,” तो म्हणाला. “गावात जुलाबाची साथ आली होती. एकसष्ट माणसं आजारी पडली. आमची काकी गेली.”

“अरेरे! सदानंद, मला काहीच कळलं नाही हो.”

“टाकीतल्या पाण्यामुळं झालं म्हणतात. मला कामावरून थांबवलंय. गुरुवारी चौकशीचा निकाल आहे.”

“पावडर टाकत नव्हतात का?”

“रोज टाकत होतो, मॅडम. मोजून टाकत होतो. पण ती मेलेली निघाली. पोतं उघडून पाच महिने झाले होते.”

“पाच महिने? आणि ओटी टेस्ट?” पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, ही साधी चाचणी गावोगावचे जलसुरक्षक करतात.

“ओटीची बाटली संपली होती. तालुक्याला दोनदा मागणी केली.”

“अहो, पण उघडं पोतं पाच महिने कशाला वापरलंत?”

सदानंद म्हणाला, “जाऊ द्या, मॅडम. चूक माझीच आहे. चौकशीतही मी तसंच सांगितलंय. दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घालायचं?”

फोन ठेवल्यावर बाईंनी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या कुणाचं म्हणजे कुणाचं? त्यांनी सातव्या आठवड्याच्या तासाचं चित्रण लावलं. विषय होता पावडरची साठवण. बेचाळिसाव्या मिनिटाला सदानंदच त्यांना विचारत होता, “मॅडम, पोतं एकदा उघडलं की किती दिवस चालतं?” आणि पडद्यावरच्या शैलजाबाई पुढची स्लाइड लावता लावता, मान वर न करता सांगत होत्या, “तोंड घट्ट बांधून ठेवा, सहा महिने काळजी नाही.”

सहा महिने! ते कोरड्या गोदामातल्या बंद डब्याबद्दल होतं. समुद्राकाठच्या दमट हवेत उघडलेलं पोतं त्याच्या किती आधी निकामी होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. तोंडून कसं गेलं? त्यांना आठवेना. त्या वेळी त्यांचं लक्ष लक्षालेखांकडे होतं, एवढंच आठवलं. सगळ्या रेघा झकास वर होत्या.

त्यांनी त्या मिनिटाचे आलेख पुन्हा पाहिले. अडतीसपैकी सदतीस रेघा शांत वाहत होत्या. एक मात्र टोक काढून उसळली होती. सुगंधा भोईर, पालघरकडची. खाली यंत्राची नोंद होती: ‘गाढ श्रवण. अधिक गुण दोन.’ आणि त्याच्यापुढे बाईंची मान्यतेची खूण. सुगंधा वर्गात पहिली होती. तिचा आवाज कसा आहे हे बाईंना माहीत नव्हतं.

त्यांनी तिला फोन लावला.

“मॅडम? तुमी?” सुगंधा घाबरलीच. “माझं काय चुकलं का?”

“नाही, नाही. एक विचारायचं होतं. सातव्या आठवड्यात मी उघड्या पोत्याबद्दल बोलले, तेव्हा तुमच्या मनात काय आलं होतं?”

ती बोलायला तयार होईना. बाईंनी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, “रागवनार नाय ना? मला वाटलं, मॅडम हे काय सांगतात! आमच्या हितं उघडलेली पावडर महिन्याभरात मरते. मी ओटी करते तर पानी पांढरंच्या पांढरं. मी तर नवीन पोतं आलं की पंधरा दिवसांत संपवते, नायतर शेजारच्या गावाला वाटून टाकते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी येवढ्या शिकलेल्या. मी बोलायची आनि चुकलं तर सगल्यांसमोर शोभा. आनि ऐकायचे मार्क तर मिलत होते. त्या दिवशी दोन जास्तीच मिलाले. पयल्या कोर्सला लिहायलाच लागायचं, दोन जनांना उत्तरं द्यायलाच लागायची. मी रडत रडत लिहायची, मॅडम. पन लिहायची. तो नियम आता असता तर हे पन लिहिलं असतं.”

बाई खुर्चीतून उठल्या.

“आनि मला वाटलं, तुमचा फोन येल,” सुगंधा सांगत होती. “मागच्या बायका बोललेल्या, जो वर्गात बोलत नाय त्याला मॅडम तिसऱ्या आठवड्याला फोन करतात, चौकशी करतात. मी म्हटलं, तेव्हा सांगीन. मग सातवा गेला, आठवा गेला.”

ते खरं होतं. बारा वर्षं शैलजाबाईंनी तो फोन कधी चुकवला नव्हता. जे गप्प ते अडचणीत, असा त्यांचा हिशेब असायचा. कुणाची सासू आजारी असायची, कुणाला काहीच समजलेलं नसायचं, आणि कुणी कुणी त्यांचीच चूक त्यांना हळूच दाखवायचं. मापक आला आणि गप्प बसणाऱ्यांच्या रेघा सगळ्यांत उंच दिसायला लागल्या. मग फोन कशाला करायचा? आपण मुक्यांना न्याय दिला, असं त्या सत्कारात म्हणाल्या होत्या. न्याय कसला, आपण त्यांना गप्प राहण्याची बक्षिसं वाटली, असं आता त्यांना वाटत होतं, आणि त्या वाटण्याची त्यांना लाज वाटली.

“कुनाचं काय झालं का, मॅडम?” सुगंधाने विचारलं.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. बाईंनी सगळं सांगितलं. नागलेवाडी, एकसष्ट माणसं, सदानंदची काकी. “चूक माझी होती. तुमची नाही. हे पक्कं लक्षात ठेवा.”

सुगंधाच्या कानामागे त्या वेळी पट्टी नव्हती. ती काय विचार करते आहे हे दाखवणारी रेघ कुठेच नव्हती, आणि बाईंना नुसतं थांबावं लागलं.

“बोलायचं दोन मिंटांचं काम होतं,” ती शेवटी म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्याच दुपारी बाई अभ्यासक्रम चालवणाऱ्या केंद्राच्या संचालकांकडे, देवस्थळींकडे, गेल्या. देवस्थळी माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं सोमवारच्या आत आटपायचं असायचं.

“वाडेकरबाई, यात मापकाचा काय दोष?” ते म्हणाले. “तुमची जीभ घसरली. ती त्याने बरोबर टिपली.”

“टिपली ना! सुगंधाला खटकलं ते त्याने टिपलं आणि त्याला कौतुक समजून गुण दिले. खटकणं आणि पटणं यांतला फरक त्याला कळत नाही. आणि तो कळतो असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं.”

“मग सुधारू. पुढच्या आवृत्तीत.”

“आणि धनावडेंचं?”

“त्यांनी स्वतःच चूक कबूल केली आहे ना? तुम्ही लेखी दिलंत तर उद्या प्रत्येक गावची साथ विद्यापीठाच्या दारात येईल. शिवाय सोमवारचं बोंबललं.”

“बोंबलू दे,” शैलजाबाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी वरिष्ठांसमोर हा शब्द पहिल्यांदाच वापरला. बाहेर पडून त्यांनी चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, सोबत बेचाळिसाव्या मिनिटाचं चित्रण जोडलं आणि पाठवून दिलं. मग सदानंदला कळवलं.

“कशाला घातलंत नाव तुमचं?” तो आधी चिडलाच. मग जरा वेळाने म्हणाला, “बरं केलंत म्हणा. गावात मला कुणी पाणी विचारत नव्हतं.” बाईंना हलकं वाटू लागलं होतं, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “काकी काही परत येत नाही, मॅडम.” तो रागावला असता तर त्यांना सोसलं असतं. आता तो रागावलेलाही नव्हता.

सोमवारचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. गुरुवारी सदानंदला कामावर परत घेतलं आणि बाईंना खुलासा मागवणारं पत्र आलं. हे सगळं व्हायचं तसंच झालं. पण बाईंचं मन ठिकाणावर येईना. एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता, म्हणून त्यांनी पूर्ण सत्राचे आलेख उघडले आणि नुसती टोकं वेगळी काढली. बारा आठवडे, अडतीस विद्यार्थी, एकशे सतरा टोकं. एकशे सतरा वेळा कुणीतरी आतून उसळलं होतं. यंत्राने सगळ्यांना एकच नाव दिलं होतं आणि त्यांनी स्वतः एकशे सतरा वेळा मान्यतेची खूण केली होती. यांतली वाहवा किती आणि ‘मॅडम, हे चूक आहे’ किती? पाण्याबद्दल आपण आणखी काय काय चुकीचं सांगितलं आणि ते आत्ता कुठल्या टाकीत चाललं आहे?

त्यांनी कागद घेतला आणि पहिल्या टोकापासून सुरुवात केली. दुसरा आठवडा, एकोणिसावं मिनिट, श्रीवर्धनकडचे रमाकांत शिर्के. सत्रभरात चकार शब्द न बोललेला माणूस. बाईंनी फोन लावला, नाव सांगितलं आणि विचारलं, “त्या दिवशी टाकी धुण्याबद्दल मी बोलत होते. तुम्हाला तेव्हा काही म्हणायचं होतं का?”

“हो, होतं की,” शिर्के म्हणाले. मागे कुठेतरी पंप चालू होता आणि पाणी चढत होतं. त्यांनी घसा खाकरला, बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

“पण मॅडम, आता सांगितलं तर त्या दिवशीचे दोन मार्क परत घेणार का?”